तहसीलदार मेला नव्हता

शफी, तहसीलदार मी मारला नव्हता.

हे वाक्य पंचवीस वर्षांत मी कुणाजवळ बोललो नाही. तुझ्याजवळ नाही, बायकोजवळ नाही. आरशात दाढी करतानाही हे तोंडावर आलं की मी नळ मोठा सोडायचो. तुला माती देऊन आज अकरावा दिवस. आता बोलतोय, आणि तू उलट काही बोलणार नाहीस हे बघून बोलतोय. मी असाच आहे, हे तुला माहीत आहे.

हे दुसऱ्या कुणाच्या वाचण्यात आलं तर त्यानं दचकू नये. तहसीलदार म्हणजे खरा माणूस नव्हे. हिंगोलीत बसस्टँडमागच्या गल्लीत बब्बूभाईचं व्हिडिओ गेमचं दुकान होतं. तिथल्या एका गेममधला तो शेवटचा बॉस. त्याचं खरं नाव काहीतरी जपानी असणार. ती डिस्क जपानीच होती, कुठून कुठं नकला होत आपल्यापर्यंत आली देव जाणे, आणि पडद्यावर येणारं एक अक्षर दुकानात कुणाला वाचता येत नव्हतं. म्हणून सगळ्यांची नावं तू ठेवलीस. अंगावर सारखा रेलणारा ढेरपोट्या बेडूक म्हणजे कंडक्टर. दोन डोक्यांची नागीण, जिची डोकी आपल्याला सोडून एकमेकांनाच डसायची, ती सासू-सून. आणि शेवटी उंच खुर्चीवर बसलेला तो काळा माणूस, जो स्वतः उठायचाच नाही, आधी शिपाई पाठवायचा, शिपाई मेले की दुसरे शिपाई पाठवायचा.

"ह्यो तहसीलदार," तू म्हणालास. "खुर्ची बघ की लेका त्याची."

पुढं मी भूमिअभिलेखात मोजणीला लागलो तेव्हा तू पेढा तोंडात कोंबत म्हणालास, "गजा, तुला तर आता नोकरीतबी तोच बॉस मिळाला."

आपण सतरा वर्षांचे होतो. मी साखऱ्याहून येऊन खोली करून राहिलेला, कॉलेजात नाव असलेला. तू अब्बांच्या हाताखाली पत्र्याच्या कोठ्या ठोकणारा. दुपारी दोन तास तुला सुट्टी असायची आणि मला वर्ग असायचे. ते दोन तास आपण बब्बूभाईकडं. वीज जाणार म्हणून त्यानं ट्रॅक्टरची बॅटरी आणून ठेवली होती. त्या बॅटरीवर टीव्ही चालला की चित्र दोन्ही बाजूंनी आकसायचं आणि कंडक्टर आणखी ढेरपोट्या दिसायचा.

आपला नियम होता, एक मरण, एक पाळी. गेममधला पोरगा मरेपर्यंत एकानं खेळायचं, मेला की रिमोट दुसऱ्याच्या हातात. जो खेळत नसेल त्यानं डोळे व्हायचं. पडद्याच्या कडांवर नजर ठेवायची आणि ओरडायचं. तू डोळे असलास की सबंध गल्लीला कळायचं. "उजवीकून! उजवीकून आला! अबे उजवा हात कोन्ता तुझा?" मी डोळे असलो की तू चिडायचास. "आरं बोल की काहीतरी. तू बघून राहिला का झोपून राहिला?" मी बघत असायचो, शफी. बोलायला मला उशीर व्हायचा. तोवर तू मेलेला असायचास.

गोष्ट कळत नव्हती म्हणून गोष्टही आपणच केली. सुरुवातीला निळ्या वस्त्रातली एक बाई होडीत बसून नदीपलीकडं जाते आणि लाल गमछेवाला पोरगा काठावर उभा राहतो. ती वळून बघत नाही. तू पहिल्याच दिवशी सांगून टाकलंस, "ही त्याची माय हाय." दुकानातली बाकीची पोरं हसली. म्हणाली, लाइन असंल त्याची. मीसुद्धा म्हणालो, बायको असेल. तू रिमोट खाली ठेवलास. "मायच हाय. बायकोसाठी कोनी येवढं मरत न्हाई."

तुझी माय तू चार वर्षांचा असताना गेली हे मला तोवर माहीत नव्हतं. ते मला अब्बांनी सांगितलं, पुढं कधीतरी, पत्रा कापता कापता. मग बायको म्हणणं मी सोडून दिलं.

ती शपथ आठवते? अब्बांच्या पत्रा ठोकायच्या लाकडी मोगरीवर हात ठेवून घेतलेली? तहसीलदाराच्या खोलीत एकट्यानं पाऊल टाकायचं नाही. मारू तर दोघं मिळून. एकाचे हात, एकाचे डोळे. आपण त्याच्या दारापर्यंत पोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी अब्बा वसमतला एका गोदामाच्या छतावरून पडले.

मांडीचं हाड मोडलं होतं. तू सरकारी दवाखान्यात त्यांच्या खाटेजवळ बसून होतास. तिसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानावरून जात होतो तर बब्बूभाई म्हणाला, "गजानन, मशीन विकलं मी. वाशीमचा माणूस तीनला येऊन राहिला. खेळायचं तर खेळून घे शेवटचं." मशीन म्हणजे सगळंच आलं. डिस्क, रिमोट, आणि आपली चार महिन्यांची वाट ज्यात साठवलेली ते मेमरी कार्डसुद्धा त्याचंच.

अकरा वाजले होते. दवाखाना दहा मिनिटांवर होता.

इथं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो की अब्बांना सोडून तू आला नसतास. तू आला असतास, शफी. अब्बांनीच हाकललं असतं तुला. मी तुला बोलवायला आलो नाही कारण मला तो एकट्यानं मारायचा होता. गल्लीत तुझं नाव होतं. कंडक्टर तू मारलास, सासू-सून तू मारलीस, नावं तू ठेवलीस. माझ्या पाळीला पोरं चहाला उठून जायची. मला एकदा असं काहीतरी करायचं होतं की पोरं बसून राहतील.

मी मोगरी विसरलो आणि खोलीत पाऊल टाकलं.

चौदा वेळा मेलो. पाळी घ्यायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून प्रत्येक मरणानंतर पाळी माझीच. उजवीकून आला हे सांगायला कुणी नव्हतं आणि तो दरवेळी उजवीकडूनच यायचा. पंधराव्या वेळी पडद्यावरच्या पट्टीतलं त्याचं रक्त निम्म्यावर आलं. तो तिसऱ्यांदा खुर्चीवर जाऊन बसला तेवढ्यात वाशीमचा माणूस आला. बब्बूभाईनं मला विचारलंसुद्धा नाही. बटन बंद केलं, वायर हातावर गुंडाळली, रिमोट माझ्या हातातून काढून घेतला. रिमोट गरम होता. तो म्हणाला, "घाम पूस रे."

चार वाजता मी दवाखान्यात आलो. तू व्हरांड्यात जिन्याच्या पायरीवर बसला होतास, अब्बांचा डबा मांडीवर. मशीन विकलं गेल्याची खबर तुला कुणीतरी आधीच दिली होती. तू डोळे वर केलेस आणि विचारलंस, "मारला?"

एवढंच विचारलंस. एकटा गेलास का, शपथेचं काय, काही नाही. माझ्या तोंडातून "मारला" निघून गेलं. ते तुझ्या चेहऱ्याकडं बघून निघालं की माझी चोरी झाकायला निघालं, हे मला आजही सांगता येत नाही. हरलो म्हणालो असतो तर तू विचारलं असतंस, मग एकटा गेलास काहून? जिंकलेल्याला ते कुणी विचारत नाही.

"कसा मारला?"

मला जे सुचलं ते सांगितलं. म्हणालो, तो तिसऱ्यांदा खुर्चीवर बसला ना, तेव्हा मारायचंच नाही. तलवार खाली ठेवायची. गप उभं राहायचं. मनात दहापर्यंत मोजायचं. मग तो आपणहून उठतो आणि दारातून बाजूला होतो.

"मारावंच लागत न्हाई?"

"नाही."

"अरे वा," तू म्हणालास. हळूच म्हणालास. "मग?"

"मग दार उघडतं. पलीकडं नदी."

"होडी?"

"होडी."

"ती हाय?"

"आहे."

"वळली?"

मी हो म्हणालो. तू डबा खाली ठेवलास. "तोंड दिसलं तिचं? कसं होतं?" मी म्हणालो, चांगलं होतं, गोल. "हसली?" हसली. "काही बोलली?" मी म्हणालो, आता जपानीत बोलली, मला काय कळतंय. तू हसलास. तीन दिवसांत पहिल्यांदा हसला असशील. मग म्हणालास, "पन हाक मारली असंल. हाक कळतीच की. कोन्त्याबी भाषेत."

मी म्हणालो, "व्हय. हाक मारली."

आतून अब्बांनी आवाज दिला आणि तू उठून गेलास. मी पायरीवर बसून राहिलो. त्या क्षणी मागून जाऊन सांगितलं असतं तर दोन शिव्यांवर भागलं असतं. मला बोलायला उशीर होतो.

दुसऱ्या दिवसापासून तू गल्लीभर सांगत सुटलास. आपल्या गजानं मारला. एकट्यानं. तलवार खाली ठेवून. एक शब्दही तू जळून बोलला नाहीस. माझ्या लग्नात सासऱ्यांना सांगितलंस, "मामा, तुमच्या जावयानं तहसीलदाराला खुर्चीवरून उठवलाय," आणि ते बिचारे महिनाभर मला दबकून वागले. मी हसून घेतलं. दरवेळी हसून घेतलं. लोकांना वाटतं गजानन मितभाषी आहे, मोठेपणा मिरवत नाही. तू तर म्हणायचास, "एवढं करून बोलत न्हाई बघा, ह्याला म्हणतात मानूस."

आणि ती दहापर्यंत मोजायची गोष्ट तू खरीच उचललीस. औंढ्याला तू शटरचं आणि कोठ्यांचं दुकान टाकल्यावर मी दर महिन्याला चक्कर टाकायचो. एकदा एक गिऱ्हाईक पेटी वाकडी झाली म्हणून तुझ्या अंगावर धावून आलं होतं. तू हातोडा खाली ठेवलास आणि गप उभा राहिलास. तुझे ओठ हलताना मला दिसले. सात, आठ, नऊ. ते गिऱ्हाईक आपोआप खाली बसलं. तू माझ्याकडं बघून डोळा मारलास. मी तुझ्या दुकानातला चहा अर्धा टाकून निघालो त्या दिवशी, घाईचं कारण सांगून. कसलीही घाई नव्हती.

साखऱ्याच्या घरी आईसाठी तू ज्वारीची कोठी करून पाठवलीस. तिच्या झाकणावर आतल्या बाजूनं खिळ्यानं ठोकून एक छोटी होडी काढलेली, होडीत बसलेली बाई, तोंड आपल्याकडं. आईला वाटलं लक्ष्मी. ती अजून सणाला झाकणाला कुंकू लावते. मी झाकण उघडायचं टाळतो.

मग रिमेकची बातमी आली. तुझा आवाज फोनवर, मागं दवाखान्यातल्या यंत्राची घरघर, कारण आता आठवड्यातून दोनदा तू नांदेडला डायलिसिसला असायचास. "गजा! गजा! आरं तहसीलदार पुन्हा काढून राहिले! नवा! चकाचक! आन् यावेळी विंग्रजीत, सगळं वाचता येतंय!" बाजूच्या खाटेवरचा माणूस म्हणाल्याचं ऐकू आलं, कोणता तहसीलदार, कुठं बदली झाली? तू त्यालाही बसवून सगळी गोष्ट सांगितलीस. माझ्यापर्यंतची.

तुझी पोरगी सना, तिनं मैत्रिणीच्या भावाकडून जुना गेमबॉक्स आणला. तिनंच तुला त्या मराठवाड्यातल्या गेमवाल्यांच्या ग्रुपमध्ये घातलं आणि तू मला ओढलंस. गेम येईपर्यंतच्या चार महिन्यांत आपण सतरा वर्षांचे असताना बोललो नसू एवढं बोललो. तू दवाखान्यातून, मी कुठल्यातरी शेताच्या बांधावरून. कुठला गेम नवीन येतोय, कुठला लांबला. जुना गेम धुऊनपुसून पुन्हा काढावा की नाही. तू म्हणायचास, "बॅटरीवर आकसलेलं चित्र हाय का ह्यांच्याकडं? मग कसला रिमेक." आणि सोप्या मोडवरून तर आपली भांडणंच. मी म्हणायचो, आता वय झालं, बोटं चालत नाहीत, सोप्यावर लावून शेवट बघून घ्यावा, त्यात काय. तू भडकायचास. "सोप्यावर मारलं ते मारनं न्हाई. त्यापेक्षा हरलेलं बरं. हरला म्हणून सांगावं मानसानं, त्यात काय लाज हाय?"

त्यावर मी अंगठा पाठवला होता. मागं जाऊन पाहिलं परवा. फक्त एक अंगठा.

हे भांडण आपलं मिटलेलं नाही. मला अजूनही वाटतं डाव्या हातात सुया टोचून घेणाऱ्या माणसानं सोप्यावर खेळावं. पण आता कुणाशी वाद घालू?

गेम आला आणि पहिल्या तासातच तुझा फोन. तुला हसू आवरत नव्हतं. "आरं ती माय न्हाई रे! बायकोबी न्हाई! गमछेवाला टपालवाला हाय! तिचं पत्र राहिलं ह्याच्याजवळ, ते द्यायला चाललाय येड्या!" मीही हसलो. पंचवीस वर्षं ज्याला आपण माय हुडकणारं लेकरू समजत होतो तो निघाला पोस्टमन. मग तू म्हणालास, "पन मंग ती हाक काहून मारती रे? पत्र पाहिजे म्हनून असंल."

मी म्हणालो, असेल.

नंतरचं मला लिहायला जड जातंय. तू तहसीलदारापर्यंत पोचलास. तिसऱ्यांदा तो खुर्चीवर बसला. तू तलवार खाली ठेवलीस आणि मोजायला लागलास. चारवर त्यानं तुला मारलं. पुन्हा गेलास, पाचवर. सुजलेल्या बोटांनी तू दोन आठवडे तेच करत होतास. ग्रुपवर विचारलंस, "नव्यात उभं राहून चालत नाही का? जुन्यात चालायचं." पोरांनी विचारलं, काका, कशात? तू सगळं लिहिलंस, एवढं लांब. दार, नदी, बाई वळते, हसते, हाक मारते.

मग ती पोरं सुटली. कुणी लिहिलं, चाचा ने खुद का गेम बनाया. कुणी फेकूचाचा म्हणालं. एका संभाजीनगरच्या पोरानं जुनी डिस्क उघडून आतल्या सगळ्या चित्रांची यादीच टाकली. म्हणाला, काका, रागावू नका, पण त्या बाईचं समोरून काढलेलं चित्र गेममध्ये नाहीच. ती वळू शकत नाही.

तू लिहिलंस, "माझ्या दोस्तानं डोळ्यानं पाहिलंय. तो ग्रुपमध्येच आहे. गजा, सांग यांना."

मी सेनगावच्या बाजूला एका शेतात होतो. दोन भावांच्या बांधाची मोजणी, दोघंही माझ्या तोंडाकडं बघत उभे. माझ्या सहीवर लोकांच्या हद्दी ठरतात, शफी. हा सरकारी माणूस खोटं लिहिणार नाही म्हणून भाऊ भावाला सोडून माझ्यावर विश्वास टाकतो. फोन वाजला, मी वाचलं, खिशात ठेवला. म्हटलं संध्याकाळी बघू. संध्याकाळी तू पुन्हा लिहिलं होतंस, "गजा?" मी वाचल्याच्या निळ्या खुणा तुला तुझ्या फोनवर दिसत असणार. एक पोरगा म्हणाला, दोस्तपण गेममध्ये नाही वाटतं. सगळ्यांनी हसण्याचे चेहरे टाकले. मी ते मोजले. अकरा होते.

दुसऱ्या दिवशी तुझा वेगळा निरोप आला. "कामात असशील. राहू दे. पोरं हायेत."

त्यालाही मी उत्तर दिलं नाही. काय देणार होतो? आणखी एक खोटं बोललो असतो तर ते लिहून झालं असतं, सगळ्यांसमोर. खरं बोललो असतो तर तुला सगळ्यांसमोर कळलं असतं. फोनवर एकट्याला सांगता आलं असतं, ते सुचलं नाही असं मी म्हणणार नाही. सुचलं होतं. मी तुझं नाव काढून फोन हातात धरून बसलो आणि मनात मोजायला लागलो. दहा झाले आणि फोन ठेवून दिला.

त्या गुरुवारी तू ग्रुपवर शेवटचं लिहिलंस. "नव्यात तसं नाही. जुन्यात होतं. मी माझ्या दोस्ताच्या शब्दावर ठाम आहे." त्याला कुणी उत्तर दिलं नाही, हसलंही नाही कुणी. मला वाटलं, मिटलं. रविवारी सकाळी सनाचा फोन आला. डायलिसिस नव्हतं त्या दिवशी. चहा मागितला आणि भिंतीला टेकलास, म्हणाली.

कब्रस्तानात मी तीन मुठी माती टाकली. औंढ्याची सगळी पेठ आली होती. तुझ्या हातचं शटर नाही असं दुकान तिथं शोधावं लागेल. ते वाकड्या पेटीचं गिऱ्हाईकही होतं, सगळ्यांत मोठ्यानं रडत.

चौथ्या दिवशी मी घरी गेलो. भाभी आतल्या खोलीत बायकांत बसली होती. सनानं मला चहा आणून दिला आणि समोर बसली. तिच्या पायाशी तो गेमबॉक्स, वायर नीट गुंडाळून ठेवलेली. ती म्हणाली, "गजाचाचा, अब्बूनं तो मारला, तुमाला सांगितलं का?"

मी नाही म्हणालो.

"गुरुवारी दुपारी. उभं राहून न्हाई, तलवारीनंच मारला. सोप्यावर न्हाई बरं का. मी डोळे होते." तिला तो शब्द तूच शिकवला असणार. "उजवीकून आला, उजवीकून आला, करून माझा घसाच बसला. मंग दार उघडलं. नदी होती, होडीबी होती. पन होडी रिकामी. तो टपालवाला पत्र पान्यात सोडून देतो आन् काठावर बसतो. संपलं. नावं येतात."

"अब्बू काय म्हणाले?"

"काहीच न्हाई. नावं संपेपर्यंत बसले. सगळी नावं वाचली. मंग म्हणाले, बंद कर बेटा. आन् फोन मागितला. ग्रुपवर काहीतरी लिहिलं."

मग तिनं विचारलं, "चाचा, जुन्यात ती खरंच वळायची ना? मी लहान असल्यापासून अब्बू मला ती गोष्ट सांगायचे. दादीचं तोंड कसं होतं विचारलं की हेच सांगायचे. गोल होतं. हसायची."

चहा माझ्या हातात होता. म्हणालो, वायर चांगली गुंडाळलीस. आणि उठलो.

तेव्हापासून मी एकच गोष्ट उलटसुलट करतोय. रिकामी होडी बघून झाल्यावर तू ते वाक्य लिहिलंस. आधी नाही, नंतर. आमच्या दोस्तानं पाहिलेला शेवट ह्या नव्यावाल्यांनी बदलला, असं खरंच समजून लिहिलंस, की सगळं कळून लिहिलंस? तू पत्रा नखानं वाजवून त्याची जाडी सांगायचास. माझा "मारला" तू त्या पायरीवरच वाजवून पाहिला नसशील, असं मी छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही. पण अब्बांच्या खाटेपाशी बसलेल्या सतरा वर्षांच्या पोराला तो शेवट हवा होता, हेही खरं. तू मला पुढं कधीच विचारलं नाहीस की पुन्हा सांग, ती कशी वळली. जगाला सांगितलंस, मला कधी विचारलं नाहीस. हे मला आत्ता लिहिताना लक्षात आलं.

तुला कळलं असेल तर तू मला सांभाळलंस. कळलं नसेल तर मी तुला फसवलं. दोन्हीतलं कुठलंही असो, फेकूचाचा हे नाव माझं आहे आणि ते तू घेऊन गेलास.

एक गोष्ट मात्र माझ्याकडून तुला मिळाली, ती खोटी असली तरी ठेव. ती बाई वळली, ती मी तुझ्यासाठीच वळवली होती. बाकीचं सगळं माझ्यासाठी होतं. तेवढं तुझ्यासाठी.

आणि तुझ्याकडून मला जे मिळालं त्याची मोजणी करायला माझ्याजवळ साखळी नाही. माझ्या पाळीला उठून न जाणारा तू एकटा होतास. मी मरत असताना तू ओरडत असायचास, आणि गल्लीला वाटायचं इथं काहीतरी मोठं चाललंय.

ग्रुप अजून चालू आहे. तुझं नाव त्यात तसंच आहे, कुणी काढलेलं नाही. पोरं पुढच्या गेमवर बोलतायत. मी तीन दिवसांपासून लिहून ठेवलंय, पाठवलेलं नाही. "शफीभाई खोटं बोलले नाहीत. जुन्यातही ती बाई वळत नव्हती. तहसीलदार मी मारला नव्हता, मी चौदा वेळा हरलो आणि त्यांना जिंकलो म्हणून सांगितलं. शेवट मी रचला होता. गजानन." आधी तुला सांगावं, मग त्यांना, एवढ्यासाठी थांबलो असं मी म्हणतोय. पण थांबणं ही माझी जुनी सवय आहे, हे तुला माहीत आहे, म्हणून ह्या कारणावर तू विश्वास ठेवू नकोस.

ह्या चार ओळी मी ग्रुपवर टाकायच्या आहेत, आणि त्याच्या आधी औंढ्याला जाऊन सनासमोर बसून, दादीचं तोंड कुठून आलं ते तिला सांगायचं आहे. दोन्ही अजून केलेलं नाही. एवढं माझ्याकडं तुझं राहिलंय.